उलव्याच्या गाळातला पाईल: भूकंपाच्या मॉडेलमध्ये मोमेंट नेमका तिथेच येतोय जिथे आम्ही सळ्या कमी केल्यात

उलवेकर • मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण चार दिवस झाले ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मी नवी मुंबईत बेलापूरला एका छोट्या स्ट्रक्चरल ऑफिसात काम करते. सध्या उलव्यात एका प्लॉटचं काम चालू आहे. तळमजला अधिक सहा, उंची साधारण २१ मीटर. जमीन आपली नेहमीचीच, वर अडीच मीटर मुरुमाचा भराव, खाली साडेबारा मीटर खाडीचा काळा गाळ, मग दोन मीटर वेदर्ड रॉक आणि त्याखाली बसाल्ट. ८०० एमएमचे बोअर्ड पाईल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, खडकात सॉकेट केलेले म्हणजे रुतवलेले. पाईलमध्ये वर २० एमएमच्या १४ सळ्या, आणि ९ मीटरच्या खाली त्यातल्या ७ बंद करतो. म्हणजे खाली पाईलच्या छेदाच्या ०.४४ टक्के राहतात, आयएस २९११ या पाईलच्या कोडचं किमान ०.४ आहे, त्यात बसतं.

ऑफिसची पद्धत सगळ्यांना माहीत असेलच. ईटॅब्स या इमारतीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलमचा बुंधा फिक्स धरायचा, खाली आलेल्या रिअ‍ॅक्शनवर पाईलची संख्या काढायची, आडव्या लोडसाठी कोडच्या परिशिष्टातली डेप्थ ऑफ फिक्सिटी (पाईल जिथे पक्का धरलाय असं मानतात ती खोली) काढून डोक्याचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, तपासायचा, झालं. गाळ हिशोबात येतो तो फक्त पाईल किती लांब एवढ्यापुरता.

मी घरी रात्री बसून ओपनसीस या भूकंपाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मॉडेल केलं, शिकायचं म्हणूनच. मातीचा एक उभा स्तंभ, त्याच्या बाजूला पाईल, दोघांमध्ये दर अर्ध्या मीटरला पी-वाय स्प्रिंग (किती सरकल्यावर माती पाईलला किती जोराने ढकलते ते सांगणारी), वर इमारतीचं वजन. खालून भूकंप दिला. तर पाईलच्या डोक्याजवळ ३२० किलोन्यूटन-मीटर आलं, ते ठीक आहे, पण १५ मीटरवर, जिथे गाळ संपून खडक सुरू होतो तिथे ६४० आलं! दुप्पट! आणि तिथे माझ्या सळ्या निम्म्या आहेत.

ऑफिसच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले आडवा लोड आठदहा मीटरच्या खाली पोचतच नाही, हा सॉफ्टवेअरचा गोंधळ आहे. सरांचा अनुभव माझ्या वयाएवढा आहे, त्यामुळे मी गप्प बसले. पण खरंच गोंधळ आहे का हा? कुणी सांगाल का?


गाळ_आणि_दगड • मंगळवार, रात्री ११:२५

ताई, तुमचे सर अर्धे बरोबर आहेत आणि मॉडेलही अर्धं बरोबर आहे, नीट सांगतो.

भूकंपात पाईलवर दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, वरची इमारत हलते आणि पाईलचं डोकं ढकलते. हा ढकला मऊ मातीत व्यासाच्या आठदहा पटीपर्यंत जातो आणि विरतो, म्हणजे तुमच्या केसमध्ये साडेसहा ते आठ मीटर. सर जे म्हणतात ते याच्याबद्दल, आणि ते खरं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे माती स्वतः हलते. इमारत नसती, नुसता पाईल गाळात उभा असता तरी गाळ त्याला आपल्याबरोबर ओढणार. वाशीच्या खाडीत होड्या बांधायचे खुंट बघितलेत ना, भरतीच्या पाण्याने खुंट वाकतो तेव्हा जोर सगळा कुठे येतो, तर जिथे तो घट्ट रुतलाय तिथे. इथे पाण्याच्या जागी साडेबारा मीटर गाळ आहे आणि रुतलेली जागा म्हणजे खडकाचा सॉकेट. गाळ एका बाजूला सरकतो, खडक जागचा फारसा हलत नाही, आणि पाईलला त्या एका सांध्यात एकदम वाकावं लागतं. मऊ आणि कडक थर जिथे भेटतात तिथे मोमेंटचं टोक येणं हे अगदी अपेक्षित आहे. याला कायनेमॅटिक मोमेंट म्हणतात, आणि डेप्थ ऑफ फिक्सिटीच्या हिशोबात तो कधीच दिसणार नाही, कारण तिथे माती नुसती टेकू म्हणून धरलेली असते, हलणारी म्हणून नाही.

आता ६४० या आकड्याबद्दल मात्र मला शंका आहे. चार गोष्टी तपासून सांगा.

१५ मीटरच्या नुसत्या मातीच्या स्तंभाचा पिरियड, म्हणजे एका डुलण्याला लागणारा वेळ, किती येतोय? हाताने चार एच (खोली) भागिले व्हीएस (मातीला आडवं हलवणाऱ्या शिअर वेव्हचा वेग). गाळाचा शिअर वेव्ह वेग ८० मीटर प्रतिसेकंद धरला तर ६० भागिले ८०, म्हणजे ०.७५ सेकंद. मॉडेलच्या आयगन व्हॅल्यूवरून निघणारा पिरियड याच्या जवळपास यायलाच हवा.

खालचा तळ कसा धरलाय, फिक्स की डॅशपॉट (धक्का शोषणारा दट्ट्या) लावलाय?

भूकंपाची नोंद कुठली घेतली, आणि ती खडकावरची आहे की मातीवरची?

स्प्रिंगची ताकद प्रतिमीटर टाकलीत की प्रतिस्प्रिंग?


उलवेकर • बुधवार, सकाळी ७:५०

सर, खूप आभार. रात्रीच आयगन चालवलं आणि हादरलेच, पिरियड २३.७ सेकंद आला! मग दोन तास शोधत बसले. मी सगळं किलोन्यूटन-मीटरमध्ये ठेवलं होतं आणि घनता मात्र १५०० टाकली होती, किलोमध्ये. तिथे १.५ टन हवं होतं. म्हणजे माझी माती हजारपट जड होती. हजाराचं वर्गमूळ ३१.६, त्याला ०.७५ ने गुणलं की बरोबर २३.७. दुरुस्त केल्यावर ०.७५ च्या अगदी जवळ आला.

तळ फिक्स होता. नोंद नेटवरून घेतलेली होती आणि आता बघितलं तर ती मऊ मातीवरच्या स्टेशनची निघाली. स्प्रिंगची ताकद प्रतिमीटर काढली होती आणि तशीच टाकली होती. म्हणजे चारपैकी चारही चुकलेलं.


गाळ_आणि_दगड • बुधवार, दुपारी १:३०

चुका सापडल्या हेच महत्त्वाचं, पहिल्या मॉडेलमध्ये सगळ्यांच्या याच होतात. एकेक घेऊ.

तळ फिक्स धरला की वरून परतणारी लाट खडकात उतरूच शकत नाही, मातीच्या स्तंभात अडकून खालीवर फिरत राहते आणि हालचाल उगाच फुगते. खरा बसाल्ट ती लाट थोडीफार आत घेतो. म्हणून तळाशी डॅशपॉट लावायचा, त्याचा गुणांक खडकाची घनता गुणिले खडकाचा व्हीएस गुणिले क्षेत्रफळ, आणि प्रवेग न देता त्याच गुणांकाने गुणलेला खडकावरच्या नोंदीचा वेग बल म्हणून द्यायचा. हा डॅशपॉट लायस्मर आणि कुह्लमायर यांनी १९६९ मध्ये मांडला, आजही तोच वापरतात.

मातीवरची नोंद तळाला देणं म्हणजे एकदा मातीतून वाढून आलेला धक्का पुन्हा मातीतून वाढवणं. खडकावरची नोंदच घ्या.

आता स्प्रिंग. मऊ चिकणमातीसाठी मॅटलॉकचा १९७० चा कर्व्ह आहे, ओपनसीसच्या पीवायसिम्पल१ मध्ये मातीचा प्रकार १ दिला की तोच येतो. तुमच्या गाळाची अनड्रेन्ड ताकद, म्हणजे पाणी निघून जायच्या आधीची, समजा १२ किलोपास्कल. खोलवर पी-अल्टिमेट, म्हणजे मातीचा कमाल जोर, ९ गुणिले १२ गुणिले ०.८, साधारण ८६ किलोन्यूटन प्रतिमीटर. तुमच्या स्प्रिंग अर्ध्या मीटरवर, म्हणजे एका स्प्रिंगला ४३. तुम्ही ८६ टाकलंत म्हणजे गाळ दुप्पट ताकदीचा झाला आणि पाईलला दुप्पट जोराने ओढू लागला. पृष्ठभागाजवळ ९ च्या जागी ३ पासून सुरुवात करायची, ते खोलीप्रमाणे वाढत जातं. वाय-५० म्हणजे २.५ गुणिले ०.०२ गुणिले ०.८, म्हणजे ४० मिलिमीटर. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. निम्मी ताकद मिळायलाच ४० मिलिमीटर सरकावं लागतं, इतका मऊ आहे आपला गाळ.

एलिमेंटची उंचीही बघा. १५ हर्ट्झपर्यंतची लाट नीट जायला हवी तर ८० भागिले १५ म्हणजे ५.३ मीटर तरंगलांबी, तिचा आठवा भाग ०.६७. अर्धा मीटर ठेवलाय तो ठीक आहे.


पाईलवाला_काका • बुधवार, रात्री ९:१५

पोरांनो तुमचं सगळं समजलं असं नाही पण या गाळात मी १९९१ पासून पाईल घालतोय, पहिल्यांदा नेरूळला, मग खारघर, कामोठे, द्रोणागिरी, आता उलवे, त्यामुळे दोन शब्द सांगतो.

बाई हे १२ किलोपास्कल कुठून आले ते आधी बघ. या गाळात एसपीटी (हॅमरचे ठोके मोजायची चाचणी) करताना मी शेकडो वेळा उभा राहिलोय, हॅमर उचलायचीच गरज पडत नाही, रॉड जोडला की स्वतःच्या वजनाने खाली जातो, अर्धा मीटर, कधी मीटरभर. पोरगा वहीत लिहितो एन, म्हणजे ठोके, बरोबर शून्य. शून्यावरून तू ताकद कशी काढणार? आणि शून्य लिहिलं तर वरचे साहेब विचारतात म्हणून कोणी १ लिहितो कोणी २ लिहितो, त्या एक आणि दोनला काही अर्थ नाही. गाळाला व्हेन शिअर लागते, चार पात्यांची पट्टी आत घालायची आणि फिरवायची, किती जोर लागला तो आकडा खरा. पैसे जास्त लागत नाहीत, आळस लागतो.

एक अनुभव सांगतो, कोणाचं नाव घेत नाही. एका कामावर रिपोर्टमध्ये दोन बोअरहोल दाखवले होते साठ मीटर अंतरावर, आणि दोन्हीचे आकडे दशांशापर्यंत सारखे. लिक्विड लिमिट (माती वाहायला लागते तो ओलावा), ओलावा, सगळं. खडक दोन्हीकडे १४.५ ला. आम्ही रिग लावली तर एका कोपऱ्यात खडक ९ ला लागला आणि दुसऱ्या कोपऱ्यात १७ ला गेलो तरी गाळच. दुसरा बोअरहोल केलेलाच नव्हता. इथे जुने नाले होते, खाडीचे फाटे होते, वर मुरूम टाकला की सगळं सपाट दिसतं. तेव्हा तुझ्या प्लॉटवर खडक सपाट आहे का ते बघ आधी. आखूड पाईल ताठ असतो तो जास्त लोड ओढतो, इमारत पिळली जाते.


गाळ_आणि_दगड • बुधवार, रात्री १०:०५

काकांचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. फक्त शेवटच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो काका, राग मानू नका. ९ मीटरचा आणि १५ मीटरचा पाईल वरून ढकलला तर दोघांचा ताठपणा फारसा वेगळा येत नाही, कारण वरचे सातआठ मीटरच काम करतात. फरक पडतो तो मातीच्या हालचालीत. ९ मीटर गाळाचा पिरियड ०.४५ सेकंद, १५ मीटरचा ०.७५. म्हणजे एकाच इमारतीच्या दोन टोकांखालची जमीन दोन वेगळ्या तालात डोलणार. पिळणं तिथून येतं. आणि एका स्तंभाच्या मॉडेलमध्ये ते कधीच दिसणार नाही, तो धोका तुमच्यासारख्या माणसाच्या डोळ्यालाच आधी दिसतो.


पाईलवाला_काका • बुधवार, रात्री १०:३०

राग कसला, कळलं ते. पिळते हे मला माहीत होतं, का पिळते ते आज कळलं.


सेक्टर_अठ्ठेचाळीस • गुरुवार, सकाळी ११:१०

मी इंजिनियर नाही, सीवूड्सला राहते, सोसायटीची सेक्रेटरी आहे. धागा वाचून विचारावंसं वाटलं. आमची इमारत पाईलवर आहे, २००४ ची. इमारत जागची हललेली नाही पण भोवतालचं सगळं खाली गेलंय. ताबा मिळाला तेव्हा लॉबीला दोन पायऱ्या होत्या, आता चार आहेत, पेव्हर ब्लॉक तीनदा उचलून भर घातली. ड्रेनेजचा पाईप इमारतीतून बाहेर पडतो तिथे दोनदा तुटला. गेल्या पावसाळ्यात प्लिंथ बीमच्या खाली हात घालून बघितलं तर आत पोकळी, माझा अख्खा हात कोपरापर्यंत गेला. कमिटीत सगळे म्हणतात इमारत खडकावर आहे, काळजी नको. खरंच नको का?


गाळ_आणि_दगड • गुरुवार, दुपारी २:२०

ताई, रोजच्या वापरासाठी तुमची कमिटी बरोबर आहे, उभं वजन खडकावर जातंय. भोवतालची जमीन खचतेय कारण वरच्या भरावाच्या वजनाने खालच्या गाळातलं पाणी हळूहळू निघतंय आणि गाळ दबतोय, हे वर्षानुवर्षं चालतं. त्याचे दोन परिणाम इमारतीवर होतात. दबणारा गाळ पाईलला धरून खाली ओढतो, म्हणजे पाईलवर इमारतीपेक्षा जास्त वजन येतं, याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात आणि डिझाइनमध्ये ते धरायचं असतं. दुसरा परिणाम भूकंपातला. तुमचा हात ज्या पोकळीत गेला तिथे पाईल कॅपला, म्हणजे पाईलवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला, आणि पाईलच्या डोक्याला बाजूने टेकू देणारी माती आता नाही. वरचा मुरूम हा गाळापेक्षा कडक थर असतो आणि आडव्या ढकल्याला सर्वात जास्त आधार त्याचाच. तोच सुटला तर पाईलचं डोकं उघड्यावर.

घाबरू नका, पण पोकळी नुसती पेव्हरने झाकू नका. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यांना पाईल कॅपच्या बाजूने एकदोन ठिकाणी खड्डा घेऊन प्रत्यक्ष बघायला सांगा, पाईल आणि कॅपच्या सांध्याला भेगा आहेत का, सळ्यांना गंज आहे का, खाऱ्या पाण्याची जमीन आहे. मग पोकळी कशाने आणि कशी भरायची ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा. पाईपला इमारतीच्या बाहेर लवचीक सांधा घ्या.

आणि उलवेकर ताई, तुमच्यासाठीही हे कामाचं आहे. एक रन असा करा ज्यात वरच्या अर्ध्या मीटरच्या स्प्रिंग काढून टाकल्यात. वीस वर्षांनंतरची तुमची इमारत ती.


उलवेकर • गुरुवार, दुपारी ३:००

हे मला सुचलंच नसतं. सेक्टर अठ्ठेचाळीसच्या ताई, तुमचे आभार.


माती_मास्तर • गुरुवार, रात्री ८:४०

मी कॉलेजात मृद-यांत्रिकी शिकवतो, ठाण्याला. धागा विद्यार्थ्यांना वाचायला दिलाय. काही जुन्या घटना इथे नोंदवतो कारण सरांना पटवायला ताईंना उपयोग होईल.

जपानात नीगाताला १६ जून १९६४ ला भूकंप झाला. तिथल्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या इमारतीचं वरून फारसं काही बिघडलेलं दिसलं नाही, लोक तिथे काम करत राहिले. सुमारे वीस वर्षांनी नवं बांधकाम करताना खोदलं तर पाईल मोडलेले सापडले, आणि मोडले होते ते दोन ठिकाणी, एक वरच्या टोकाजवळ आणि दुसरं खालच्या टोकाजवळ, थर बदलतात तिथे. तिथे माती वाळूची होती, ती पातळ होऊन सरकली होती, आपल्याकडे चिकणमाती आहे, त्यामुळे सगळं जसंच्या तसं लागू नाही. पण खालच्या सांध्यात मोमेंट येत नाही असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्यावं. वीस वर्षं कुणाला कळलंही नाही.

आपल्याकडचं उदाहरण कांडल्याचं. २६ जानेवारी २००१, भूज. कांडला बंदरातला २२ मीटर उंचीचा टॉवर ३२ पाईलवर होता, पाईल १८ मीटरचे. वर साधारण १० मीटर चिकणमाती, खाली वाळू, आणि पाईलची टोकं त्या वाळूत थांबलेली. वाळू पातळ झाली, टॉवर कलला. उंची बघा, ताईंच्या इमारतीएवढीच.

आणि मेक्सिको सिटी, १९ सप्टेंबर १९८५. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब. खडकावर प्रवेग ०.०३ ते ०.०४ जी (गुरुत्वाच्या पटीत), आणि जुन्या तलावाच्या चिखलावर ०.१७ जी च्या आसपास. त्या चिखलाचा पिरियड दोन सेकंदांचा, आणि सहा ते पंधरा मजली इमारतींचं सर्वात जास्त नुकसान झालं. तिथली चिकणमाती फार प्लास्टिक (न तुटता आकार बदलणारी) होती, अशी माती हलताना ढिली पडून ऊर्जा खात नाही, लवचीक राहते आणि धक्का वर पोचवत राहते. आपल्या खाडीच्या गाळाची प्लास्टिसिटीही बरीच असते. म्हणून ताई, डॅम्पिंगचे आणि ताठपणा कमी होण्याचे कर्व्ह वाळूचे वापरू नका, प्लास्टिसिटी इंडेक्सप्रमाणे घ्या, व्हुसेटिक आणि डोब्री यांचे १९९१ चे आहेत.

तुमच्या इमारतीचा पिरियड काढून बघितलात का? आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे नुसत्या फ्रेमचा ०.०७५ गुणिले उंचीचा ०.७५ घात. २१ मीटरला ०.७४ येतो. मातीचा ०.७५. हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहा आणि सरांसमोर ठेवा.


उलवेकर • गुरुवार, रात्री ९:३०

सर, अंगावर काटा आला. ऑफिसमध्ये आम्ही विटांच्या भिंती धरून ०.०९ एच भागिले रूट डी ने करतो, डी १६ मीटर, त्यातून ०.४७ येतो. म्हणून कधी जवळ वाटला नव्हता.


माती_मास्तर • गुरुवार, रात्री ९:५०

तेही बरोबर आहे, सुरुवातीला इमारत ०.४७ च्या आसपासच असेल. पण जोराचा धक्का बसला की भिंतींना तडे जातात, इमारत मऊ होते, पिरियड वाढतो. आणि वाढतो तो ०.७५ च्या दिशेने. मेक्सिकोत असंच झालं, आधी कमी पिरियडच्या असलेल्या इमारती भेगाळत भेगाळत चिखलाच्या तालात शिरल्या.

नोंदीबद्दलही बोलतो. बरेच जण कोयनेची ११ डिसेंबर १९६७ ची नोंद वापरतात, आपली म्हणून. धरणाच्या गॅलरीत मिळालेली आहे, जवळच्या भूकंपाची आहे, तिच्यात भरभर होणारी कंपनं जास्त. ती ०.७५ सेकंदाच्या गाळाला फारसं हलवणार नाही आणि तुम्हाला सगळं सुरक्षित वाटेल. पालघर-डहाणूला नोव्हेंबर २०१८ पासून जे छोटे छोटे धक्के बसले तेही त्याच जातीचे. गाळाला खरा धोका लांबच्या मोठ्या भूकंपाचा, ज्यात संथ लाटा असतात. भूजच्या वेळी अहमदाबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं, तरी साबरमतीच्या गाळावरच्या बहुमजली इमारती पडल्या. म्हणून दोन्ही प्रकारच्या नोंदी द्या, खडकावरच्या, आणि दोन्ही २०१६ च्या कोडमधल्या झोन तीनच्या ०.१६ जी ला मापून घ्या.


कोलशेत_रोड • शुक्रवार, सकाळी १०:२०

गाळ द्रवणार का हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे ठाण्याच्या खाडीकडेला बिल्डरचे लोक सांगतात चिकणमाती आहे, लिक्विफॅक्शनचा प्रश्नच नाही.


माती_मास्तर • शुक्रवार, दुपारी १२:४५

चांगला प्रश्न. शुद्ध प्लास्टिक चिकणमाती वाळूसारखी द्रवत नाही. २००६ च्या ब्रे आणि सॅन्सिओ यांच्या कसोटीप्रमाणे प्लास्टिसिटी इंडेक्स १२ पेक्षा कमी आणि ओलावा लिक्विड लिमिटच्या ८५ टक्क्यांहून जास्त असेल तर संशय घ्यायचा. पण गाळाच्या मध्ये रेतीचे पट्टे असतात आणि काही ठिकाणी भरावच रेतीचा असतो. त्यासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत एक सोपी पद्धत परिशिष्टात दिलीय, ती थराथराला लावा, अख्ख्या बोअरहोलला एक शिक्का मारू नका. आणि चिकणमाती द्रवली नाही तरी वारंवार हलवून मऊ पडते, मॅटलॉकच्या चक्रीय कर्व्हमध्ये ताकद ७२ टक्क्यांवर थांबते ती त्यामुळेच.


उलवेकर • रविवार, रात्री ११:१५

मंडळी, सगळं नव्याने केलं. सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

डॅशपॉट लावला, घनता दुरुस्त केली, स्प्रिंग अर्ध्या मीटरच्या हिशोबाने, गाळाचे कर्व्ह प्लास्टिसिटीप्रमाणे. आधी गुरुत्वाचा टप्पा माती लवचीक ठेवून चालवला, मग अपडेट मटेरियल स्टेज या आज्ञेने तिला नॉनलिनियर केलं, मग भूकंप. हा मधला टप्पा पहिल्या मॉडेलमध्ये विसरले होते, म्हणजे तेव्हा माझी माती कधीच ढिली पडत नव्हती. हे कुणी विचारलं नव्हतं पण सांगते, दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

आता १५ मीटरवर २८० येतंय, डोक्याला ३४०. म्हणजे ६४० खोटं होतं, पण टोक गेलेलं नाही, तिथेच आहे. व्हीएस ६०, ८० आणि ११० घेऊन बघितलं, पिरियड १.०, ०.७५ आणि ०.५५ होतो, आणि सांध्यातला मोमेंट २३० ते ३३० मध्ये फिरतो. कोयनेच्या नोंदीला जेमतेम १४०, लांबच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदीला सगळ्यात जास्त. मास्तर म्हणाले तसंच. वरच्या अर्ध्या मीटरच्या स्प्रिंग काढल्या तर डोक्याचं ३४० वरून ४१० वर गेलं, खालचं तेवढंच राहिलं.

कोपऱ्यातल्या पाईलला भूकंपात उचल येते ती केस धरली तर ७ सळ्यांना २८० पेलत नाही. मधल्या पाईलना वजन भरपूर असल्यामुळे चालतं.

शुक्रवारी सरांसमोर तीन कागद ठेवले, पिरियडचे दोन आकडे, नीगाताची गोष्ट आणि मोमेंटचा आलेख. सर बराच वेळ आलेखच बघत बसले. मग म्हणाले, लॅटरल लोड टेस्ट आपण प्रत्येक साइटवर करतो, पाईल ५ मिलिमीटर सरकवणारा लोड आणि १२ मिलिमीटर सरकवणाऱ्या लोडचा निम्मा बघतो आणि पाईल पास म्हणतो, पण ती टेस्ट १५ मीटरवर काय होतं याबद्दल काहीच सांगत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी लगेच दोन बोअरहोल वाढवले आणि व्हेन शिअर सांगितली. काका, हे तुमच्यामुळे.

आता प्रश्न सळ्यांचा. १४ च्या १४ खालपर्यंत नेल्या तर मालक लोखंडाच्या खर्चावर कुरकुरतोय. काही उपाय?


पाईलवाला_काका • सोमवार, सकाळी ६:४०

बाई अभिनंदन, आणि तुझ्या सरांचंही, आमच्या लाइनीत असं मोकळं बोलणारा माणूस कमी भेटतो.

सळ्यांचं ऐक. सळई येते १२ मीटरची. तुझी जाळी सतरा मीटरच्या वर जाते म्हणजे दोन तुकडे. साइटवर पोरं काय करतात, छोटा तुकडा आधी खाली सोडतात कारण हलका, लायनरवर आडवा रॉड घालून अडकवून ठेवतात, मग वरून १२ चा आणून लॅप, म्हणजे सळ्यांचा जोड, बांधतात. म्हणजे लॅप येतो अकराबारा मीटरच्या आसपास, तुझ्या १५ च्या डोक्यावरच, आणि त्या लॅपच्या खाली नुसत्या ७ सळ्या. तू उलट करून घे. १२ चा तुकडा आधी खाली जाऊ दे, लॅप येईल पाचसहा मीटरवर. आता तुझा आलेख बघून सांग मधे कुठे मोमेंट सगळ्यात कमी आहे. कोपऱ्यातल्या पाईलच्या खालच्या तुकड्यात १४ ठेव, मधल्या पाईलना सर सांगतील तसं. सगळ्या पाईलना वाढवायची गरज नाही म्हणजे मालकही ऐकेल.

१२ चा तुकडा उभा करायला हायड्रा क्रेन लागेल, ट्रायपॉडने उचलू नका, जाळी मधे वाकते आणि रिंगा सुटतात. आणि १३ ते १७ मीटरमध्ये रिंगा जवळ घे, पण इतक्या जवळ नको की काँक्रीट बाहेर जायला जागा राहणार नाही, ट्रेमीने (लांब नळीने) ओतताना कव्हरमध्ये बेंटोनाइटचा चिखल अडकतो मग.


उलवेकर • सोमवार, सकाळी ८:०५

काका, बघितलं. मोमेंट सगळ्यात कमी ८ ते ११ मीटरमध्ये आहे, आणि ५-६ मीटरवर डोक्याच्या निम्म्याहून कमी. वरच्या तुकड्यातही १४ असल्यामुळे तिथे लॅप चालेल, सरांना फोनवर विचारलं, ते हो म्हणाले. आजच ड्रॉइंग बदलतेय, कोपऱ्यातले आठ पाईल वेगळ्या खुणेने दाखवून, आणि लॅपची पातळी मीटरमध्ये लिहून. बुधवारी पहिली जाळी सोडायची आहे. तुम्ही साइटवर येऊ शकाल का?


पाईलवाला_काका • सोमवार, सकाळी ८:२०

येतो. साडेसातला पोचतो, जाळी आडवी पडलेली असतानाच मोजू, उभी झाल्यावर कोणी मोजत नाही.